चारशे पंचेचाळीस नंबरचं दार

ते दार मी उघडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी उगाच दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

माझं नाव शेदलिया. स्फाक्स शहरातल्या एका कॅन्सरच्या इस्पितळात संगणकांचं जाळं सांभाळते, त्याला आता सोळा वर्षं झाली. काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक संगणकाला हजारो दारं असतात आणि प्रत्येक दाराला नंबर असतो. छपाईचं दार वेगळं, टपालाचं वेगळं. एकमेकांच्या फाईली उघडायच्या, द्यायच्या, घ्यायच्या, त्याचं दार चारशे पंचेचाळीस. इस्पितळाच्या आत ते उघडंच लागतं. डॉक्टर स्कॅन बघतात, त्यावरून रेडिएशनचा आराखडा तयार होतो, यंत्र तो आराखडा वाचतं, सगळी ये-जा त्याच दारातून. पण रस्त्याच्या बाजूला, म्हणजे इंटरनेटकडे, ते उघडायचं नाही. कधीच नाही. बाहेर दिवसरात्र दारं ठोठावत फिरणारे प्रोग्राम असतात. त्यांचं कुणाशी वैर नसतं. बंद लागलं की पुढं जातात, उघडं लागलं की थांबतात. नव्यानं कामावर आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि शिकवताना माझा आवाज चढतो असं लोक म्हणतात. चढू दे.

खमैसची आणि माझी ओळख रमजानमध्ये झाली. माझ्या खोलीचं दार रेडिएशनच्या व्हरांड्यात उघडतं, आणि दाराशेजारची प्लास्टिकची खुर्ची त्यानं पहिल्याच दिवशी आपली करून टाकली. मासळी बाजारात लिलाव पुकारणारा माणूस, वय पन्नासच्या वर. घशातून आवाज निघे तो खरखरत, अर्धा वाऱ्याचा. पण गप्प बसेल तर शपथ. मला तो लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"लल्ला, तू दिवसभर त्या पडद्याकडे बघत बसतेस. करतेस तरी काय?"

"दारं लावते, खमैसकाका."

"दारं लावायचा पगार देतात? माझी बायको तीस वर्षं फुकट लावतेय!"

"तुम्हाला बाहेर ठेवून लावत असेल."

तो हसला, खोकला, आणि पुन्हा हसला. मग एकदम शांत होऊन त्यानं मला सगळं सांगितलं. स्वरतंतूवर गाठ होती, लहान. डॉक्टर म्हणाले होते, लवकर सापडली, तेहतीस वेळा रेडिएशन घ्यायचं, आठवड्यातले पाच दिवस, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. एवढं नीट पार पडलं तर आवाज बहुतेक वाचेल. नाहीतर स्वरयंत्र काढावं लागेल.

"ईदच्या तोंडावर सांगतायत," तो म्हणाला. "खारवलेली मासळी कधी विकली जाते? ईदला. सगळ्या शहराला कांदा-मनुकांच्या शर्मूल्याबरोबर तीच लागते. वर्षाचा धंदा त्या दहा दिवसांत. मी म्हटलं ईद झाल्यावर येतो, तर डॉक्टरीण अशी ओरडली माझ्यावर!"

"बरं केलं ओरडली."

"आवाज आहे तिला, ओरडणारच," तो म्हणाला.

आता सी हेदींबद्दल, सी म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. रेडिएशनचा आराखडा म्हणजे किती किरण, कुठून, किती वेळ, याचं गणित. ते गणित तपासून सी हेदींनी सही केल्याशिवाय इथं यंत्र सुरू होत नाही. निवृत्त झाल्यावर इस्पितळानं त्यांना हात जोडून परत बोलावलं होतं. खात्यातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. माणूस तापट, पण मी नवी असताना एका रात्री माझ्याकडून सर्व्हर बंद पडला तेव्हा सगळ्यांसमोर माझी बाजू घेणारा हाच एक होता. हे मी विसरले नव्हते. रमजानच्या बाराव्या दिवशी सी हेदी न्हाणीघरात घसरले आणि कमरेच्या हाडाला चीर जाऊन घरी पडले. अकरा रोग्यांचे आराखडे त्यांच्या सहीवाचून अडकले. त्यात खमैसचा होता.

सी हेदी म्हणाले, घरून तपासतो. घरून तपासायचा सुरक्षित रस्ता आमच्याकडे आहे. त्याला आधी पासवर्ड लागतो, मग फोनवर एक आकडा येतो, तो तीस सेकंदांत टाकायचा. दोन दिवस मी त्यांना फोनवर तो रस्ता शिकवला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"पोरी, मी पाठीवर पडून आहे. फोन बायकोकडे, बायको स्वयंपाकघरात. ती आकडा ओरडून सांगते, मी चष्मा शोधतो, तोवर आकडा बाद. ऑफिसात मी फोल्डर उघडतो ना, तसा इथं उघडू दे. दुसरं काही मागत नाही."

"सी हेदी, ते दार रस्त्यावर उघडत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, तू काय काय शिकवतेस ते. अकरा माणसं ताटकळलीत, शेदलिया. त्यांच्या गाठी रोजा धरत नाहीत."

खमैस बाहेर खुर्चीवर बसला होता. भिंतीतून त्याचा खोकला ऐकू येत होता.

मी दार उघडलं. आधी फक्त सी हेदींच्या घरच्या पत्त्यापुरतं. पण त्यांच्या भागात वीज गेली की घरच्या जोडणीचा पत्ता बदलतो, आणि दोन दिवसांत तो तीनदा बदलला. तीनदा त्यांचं काम मध्येच तुटलं आणि तीनदा मला बोलणी बसली. शेवटी मी पत्त्याची अट काढून टाकली. म्हणजे दार सगळ्या जगाला उघडं, मध्ये फक्त सी हेदींचा पासवर्ड.

असा नियम घालताना यंत्रणा एक रकाना दाखवते, नियम कधी संपणार त्याचा. ईदनंतर कामावर येतो, असं सी हेदी म्हणाले होते, आणि तोवर नवे आराखडेही घरूनच तपासणार होते. पण ईद कधी? एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसावा रोजा धरून परवा. मुफ्ती जाहीर करतील तेव्हा कळणार. आधीची तारीख टाकली आणि चंद्र दिसला नाही, तर शेवटच्या दिवशी सी हेदी बाहेर अडकणार. मग चार दिवस पुढची का टाकली नाही? आता कुणीही विचारेल, मीही स्वतःला हजारदा विचारलंय. मला एक दिवससुद्धा जास्त नको होता. इतकी मी काटेकोर. म्हटलं, चंद्र जाहीर झाला की त्याच मिनिटाला माझ्या हातानं बंद करीन. रकाना कोरा सोडला आणि शेजारी टिपण लिहिलं, "ईदपर्यंत". काटेकोरपणाचं फळ कसं मिळतं बघा.

पण एक सांगते, ते दार उघडलं म्हणून अकराही आराखड्यांवर तीन दिवसांत सह्या झाल्या. ईदच्या चार दिवस आधी खमैस जाळीचा मुखवटा घालून यंत्राखाली झोपला. चेहऱ्याच्या मापानं घडवलेला तो मुखवटा डोकं हलू नये म्हणून असतो. बाहेर आल्यावर गालांवर जाळीच्या खुणा घेऊन तो म्हणाला, "लल्ला, आज कळलं मासळीला काय वाटतं ते."

चंद्र एकोणतिसाव्यालाच दिसला. टीव्हीवर जाहीर झालं तेव्हा मी आईच्या घरी शर्मूल्यासाठी कांदे चिरत होते. पोरं ओरडली, आईनं मला मिठी मारली, शेजारीण मकरूद मिठाईचं ताट घेऊन आली. मला दाराची आठवण झाली नाही. काहीतरी राहिलंय असंसुद्धा वाटलं नाही. ईद झाल्यावर सी हेदी काठी टेकत कामावर आले, मी त्यांना खुर्ची दिली, तब्येत विचारली. समोर माणूस बसलाय, ज्याच्यासाठी दार उघडलं तोच, आणि तरीही नाही आठवलं. माझ्या या विसरण्यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही, पण झालं ते असं झालं.

साडेतीन आठवडे गेले. खमैसचं बावीस वेळा रेडिएशन झालं. गिळताना जीव जायचा, मानेची कातडी भाजल्यासारखी लाल, तरी एक दिवस चुकवला नाही. आवाज मात्र सुधारत होता. त्या शुक्रवारी त्यानं मला व्हरांड्यातून स्पष्ट हाक मारली तेव्हा मी चमकून वर बघितलं.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं, काका."

"उरलीत अकरा. मग बाजारात ये. तुझ्या नावानं एक टोपली पुकारतो, मंत्रीणबाईसारखी."

सोमवारी सकाळी सातला मी आले तर यंत्रावरची मुलगी माझ्या दाराशी उभी होती. आराखडे उघडत नव्हते. मी फोल्डर बघितला. प्रत्येक फाईलच्या नावापुढं एक विचित्र शेपूट लागलं होतं, आणि मध्ये एक चिठ्ठी. फाईली कुलूपबंद केल्यात, किल्ली हवी तर पैसे द्या. मी धावत जाऊन तारा उपटल्या, पण उपटायला काही उरलं नव्हतं. रोजची प्रत ज्या दुसऱ्या संगणकावर जाते, तिथंही हे कुलूप घालणारे आतल्या त्याच दारानं पोचले होते. कपाटात सुटी ठेवलेली एक डिस्क होती, कशालाही न जोडलेली. ती शाबूत होती. तिच्यावरची प्रत रमजानच्या आधीची. नवी डिस्क मी मागितली होती, अर्ज वर पडून होता. ती सबब मी पुढं करत नाही, जुनीच पुसून वापरता आली असती.

नोंदी उघडल्या. बाहेरच्या दारावर बावीस दिवस ठोठावणं चालू होतं, दिवसाला हजारो वेळा, सी हेदींचं नाव आणि नवा नवा पासवर्ड. शनिवारी एक लागला. नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल. आणि वर, नियमांच्या यादीत, माझं टिपण होतं. "ईदपर्यंत".

खोलीत मी एकटी होते. तो नियम पुसायला आणि त्याबरोबर माझं नाव पुसायला दोन मिनिटं पुरली असती. खोटं कशाला सांगू, तो मोह मला झाला. मग मी नियम न पुसता चारशे पंचेचाळीस बंद केलं आणि नियमाचं चित्र, नोंदींसकट, छापून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात अकरा माणसं बसली होती. यंत्र होतं, शेल्फवर नावं लिहिलेले मुखवटे होते, माणसं होती. आराखडे तेवढे नव्हते. कुणाला किती वेळा झालं याची कागदी कार्डं होती म्हणून निदान ते तरी कळत होतं. बाकी सगळं पहिल्यापासून, पुन्हा स्कॅन, पुन्हा गणित, पुन्हा सही. आणि ज्या संगणकावर ते गणित होतं तोच आधी नव्यानं उभा करायला हवा होता. राजधानीतल्या, ट्युनिसच्या इस्पितळांना विचारलं, तिथं जागा नव्हती. इकडे एकेक दिवस मोजावा लागत होता, कारण रेडिएशन थांबलं की गाठ पुन्हा वाढू लागते. बावीस वेळा जे मारलं, ते उरलेल्यातून पुन्हा उगवतं. हे मला सी हेदींनीच सांगितलं, खाली बघत.

दुपारी संचालकीण बाईंच्या खोलीत बैठक झाली. मादाम जलीला वाईट बाई नाही. तिला इस्पितळ वाचवायचं होतं.

"परदेशातून झालेला हल्ला," ती लिहिता लिहिता म्हणाली. "अशा हल्ल्यापुढं कुणाचंच काही चालत नाही. एवढं पुरे."

मी छापलेला कागद तिच्यासमोर ठेवला. "दार आतून उघडं होतं. मी उघडलं, आणि बंद करायला विसरले."

"मी उघडायला लावलं," सी हेदी म्हणाले.

"तुम्ही मागितलं. नाही म्हणणं माझं काम होतं."

"अगं, तुम्ही दोघं काय लग्नातलं बिल भरायला भांडताय का?" जलीला बाई ओरडली, आणि तिचे डोळे भरून आले. "हा कागद वर गेला तर तुझी नोकरी जाईल, शेदलिया."

"जाऊ दे. पुढच्या बाईला तरी कळेल काय करायचं नाही ते."

कागद गेला. नोकरी गेली नाही, दुसरं कुणी मिळेना म्हणून असेल. बढती थांबली आणि लेखी ठपका आला. तो योग्यच होता.

पुढचे नऊ दिवस मी आणि सी हेदी सकाळी सातला बसत होतो. मी संगणक उभे करत होते, ते काठी टेबलाला टेकवून, कुलूपबंद गणितं कागदावर पुन्हा मांडत होते. आमच्यात कामाखेरीज शब्द नव्हता. खमैस रोज यायचा. त्याला येऊ नका असं सांगितलं होतं, तरी यायचा आणि आपल्या खुर्चीवर बसायचा. आता तो थट्टा करत नव्हता. सातव्या दिवशी मला ते असह्य झालं. मी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सी हेदींचं हाड, आकडा, चंद्र, कांदे, सगळं.

"म्हणजे माझं काम सुरू झालं ते त्याच दारातनं," तो म्हणाला.

"हो."

"आणि अडलं तेही त्याच दारातनं."

"हो, काका."

"चंद्र दिसल्यावर माझ्या बाजारात शेंबडं पोरसुद्धा ओरडतं. तू कशी गं विसरलीस?"

मला रडू आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला.

"मागू नकोस. मागितलीस की मला काहीतरी बोलावं लागेल, आणि जे तोंडात आलंय ते तुला ऐकवणार नाही. आत जा. काम कर."

मी आत गेले आणि काम केलं. अकराव्या दिवशी खमैस पुन्हा यंत्राखाली झोपला. सी हेदींनी खंड भरून काढायला तीन वेळा वाढवून दिल्या. त्यानं त्या सगळ्या घेतल्या. शेवटच्या दिवशी माझ्या दारावर टकटक करून तो बाजाराकडे गेला. उन्हाळाभर तो पुकारत होता, असं मी लोकांकडून ऐकलं. मी गेले नाही. टोपलीवर हक्क सांगायला मला तोंड नव्हतं.

ऑक्टोबरात गाठ परत आली.

मी सी हेदींना विचारलं. "ते अकरा दिवस नसते, तर?"

"शेकड्यात काहींना परत येतेच," ते म्हणाले. "खंड न पडता. आणि खंड पडला तर जास्त जणांना येते. खमैस यातला कोणता, ते कुणालाच सांगता येणार नाही. मी गणितं करणारा माणूस आहे, पोरी. हे गणित सुटत नाही." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्या हातानं बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवसापासून हे न सुटलेलं गणित माझ्याकडेच आहे. मला शिक्षा परवडली असती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी खमैसनं मला वॉर्डात बोलावून घेतलं. सकाळपासून त्याच्याकडे माणसांची रीघ होती. दोन्ही मुलींशी तो फोनवर बोलला होता, भावांशी, बाजारातल्या कोळ्यांशी. उद्यापासून बोलता येणार नाही म्हटल्यावर माणूस काय काय बोलून घेतो. मी गेले तेव्हा त्याची बायको मुंजिया खाटेजवळ बसली होती. त्यानं तिला हातानं दाराबाहेर थांबायला सांगितलं.

"लल्ला," तो म्हणाला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, अर्धा वाऱ्याचा. "फोनमध्ये भरून घे."

"काय भरू?"

"मला."

मी फोन पुढं धरला. तो उशीला टेकून ताठ बसला, डोळे मिटले, आणि लिलाव पुकारू लागला. केरकेन्ना बेटावरची बोय, सकाळची, डोळे बघा डोळे. माकूल, पांढरी, शाई जिवंत. ऑक्टोपस, ए पलीकडच्या, हात लावायचा तर भाव बोल. मध्येच खोकला यायचा, तो गेला की तिथूनच पुढं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि त्यानं एक बोली लावली. खमैसनं डोळे न उघडता ती धुडकावली, "एवढ्यात तुला खवलेसुद्धा मिळणार नाहीत, चल हट." सगळा वॉर्ड हसला. नर्स थांबवायला आली आणि दारातच उभी राहिली. सहा मिनिटं तो पुकारत होता. मग मान मागे टाकून धापा टाकत राहिला.

"कुठं ठेवशील?" त्यानं विचारलं.

"तुमच्या बायकोच्या फोनमध्ये एक. आणि दोन डिस्कवर, कशालाही न जोडलेल्या. एक माझ्या कपाटात, एक इस्पितळाबाहेर."

"मुली परदेशात आहेत, त्यांनाही पाठव. तुझ्या त्या सगळ्यांच्या फोल्डरात नको ठेवूस."

"नाही ठेवणार, काका."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला एकच गोष्ट विचारायची होती, त्यानं मला माफ केलं का, आणि ती त्याला कळली असावी, कारण त्यानं ओठ उघडले. पण श्वास पुरेना. त्याच्याजवळ त्या दिवसाचे मोजकेच शब्द उरले होते आणि मुंजिया दारात उभी होती.

मी उठले आणि तिला आत पाठवलं.